गहू, पडदा आणि मागचं उघडं दार

पत्र्याच्या भिंतीत दोन लांबट भोकं. डाव्या भोकातून एक केसाळ हात आत शिरतो, कोपरापर्यंत. हाताला घाई नाही. भोकाभोवती अँटेनेचं वेटोळं आहे आणि हाताच्या कातडीखाली बारा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड अशी चिप. दोघांची गाठ पडते आणि माझ्या बाजूच्या मॉनिटरवर नाव उमटतं. कोण आलंय, काल त्याचा धडा कुठे थांबला होता, आज पुढचा प्रश्न कोणता, हे सगळं संगणकाने तेवढ्यात काढून ठेवलेलं असतं. पडदा उजळतो. बोट पडद्यावर टेकतं, बरोबर जागी. वरच्या डब्यातून गव्हाचे थोडे सुके दाणे नळीतून घरंगळत खाली येतात. हात मागे जातो, दाणे तोंडात, आणि हात पुन्हा हजर.

दोन भोकांच्या वर एक छोटी चौकोनी खिडकी आहे, सात सेंटिमीटरची. तिच्यात लांबोडक्या काळ्या नाकाचं टोक आणि त्यावर जवळजवळ असलेले दोन पिवळट तपकिरी डोळे. डोळे माझ्याकडे बघत नाहीत. पडद्याकडे बघतात.

मी दक्षिण फ्रान्समध्ये, रूसे-स्युर-आर्क या गावाबाहेर उभा आहे. आजूबाजूला द्राक्षमळे आणि उत्तरेला सेंत-व्हिक्त्वार, म्हणजे सेझानने पुन्हा पुन्हा रंगवलेला तो डोंगर. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं, सीएनआरएसचं, प्रायमेट केंद्र इथे आहे. तारेच्या कुंपणाआड सुमारे सातशे चौरस मीटरचं मोकळं आवार, त्यात दगड, ओंडके, चढायला मचाणं, आणि गिनी बबूनांचा एक कळप. सेनेगल, गिनी, गांबिया या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातली ही तांबूस माकडं. बबूनांच्या लहान चणीच्या जातींपैकी एक. तरी नर आयाळ फुलवून समोरून आला की ‘लहान’ हा शब्द आपोआप मागे घ्यावासा वाटतो. आवाराला लागून केबिनी आहेत आणि त्यांच्यात मिळून अशी दहा खोकी. आवारातून खोक्यांपर्यंत बबूनांना स्वतःची वाट आहे. माणसाने त्यांना आणायचं नाही, पकडायचं नाही, बोलवायचंही नाही.

या यंत्रणेचं नाव ‘ऑटोमेटेड लर्निंग डिव्हाइस फॉर मंकीज’, सोयीसाठी एएलडीएम. जोएल फागो या संशोधकाने ती इथे उभी केली आणि 2009 व 2010 मध्ये तिचं वर्णन छापून प्रसिद्ध केलं. नाव भारदस्त असलं तरी सुटे भाग बघितले तर आपल्या ओळखीचेच: एकोणीस इंची टचस्क्रीन, साधा संगणक, दाणे टाकणारं यंत्र, चिप वाचणारी अँटेना. नवं काय असेल तर ते खोक्याच्या मागच्या बाजूला आहे. तिथे दार नाही. म्हणजे दारापुरती जागा आहे, पण ती सदा उघडी. बबून मागून येतो, वाटेल तेवढा वेळ बसतो, कंटाळला की उठून जातो. मध्यरात्री आला तरी यंत्र त्याला नाही म्हणत नाही.

खिडकीतला हा नर धिप्पाड आहे. मॉनिटरवरचं त्याचं नाव फ्रेंच आहे आणि माझ्या जिभेवर ते बसत नाही, म्हणून मी त्याला मनातल्या मनात आप्पा म्हणून टाकतो. आप्पांचा आजचा धडा असा: पडद्यावर आधी एक आकृती येते, ती नाहीशी होते, मग दोन आकृत्या येतात. त्यातली आधीची कोणती, तिच्यावर बोट ठेवायचं. आप्पा सलग आठ-दहा बरोबर देतात. मग एक चुकतं. पडदा क्षणात पूर्ण हिरवा होतो आणि तीन सेकंद हिरवाच राहतो. शिक्षा एवढीच, तीन सेकंद वाट पाहणं. पण आप्पांना ती पुरेशी लागते. ते हात बाहेर काढून खोक्याच्या तळाला एक थाप मारतात, पुन्हा हात घालतात. चुकल्याबद्दल यंत्राला दोष देण्याची ही रीत फक्त माणसांची आहे असा माझा आजवर समज होता.

“हे नेहमीचं आहे,” सोबतची तंत्रज्ञ म्हणते. “पडद्याला काही होत नाही. तेवढी मजबुती आम्ही धरलेली असते.”

इकडे दोन खोकी सोडून एक कोवळी मादी बसली आहे. तिचं काम आप्पांपेक्षा सफाईचं. हातांची अदलाबदल नाही, रुसवा नाही. एका लयीत बोट, दाणे, बोट, दाणे. एवढ्यात तिच्या मागे सावली पडते. दुसरा एक मोठा नर आलाय. तो काही करत नाही, नुसता उभा राहतो. मादी हात काढते, मान खाली घालून बाजूने निसटते. तिची जागा नराची. बबूनांच्या राज्यात याला अन्याय म्हणत नाहीत, याला शिरस्ता म्हणतात.

पण मॉनिटरवर बघण्यासारखं काही घडतं ते यानंतर. दोन-तीन मिनिटांत ती मादी पलीकडच्या टोकाच्या खोक्यात हात घालते. अँटेना चिप वाचते. तिचा अर्धवट राहिलेला धडा, तिची आकृती, तिच्या प्रश्नांचा क्रम, सगळं त्या नव्या खोक्यात तिच्यासमोर येतं. आणि तिच्या जुन्या जागी बसलेल्या नरासमोर त्याचा स्वतःचा धडा. जागा हिसकावता येते, धडा हिसकावता येत नाही. मला या केबिनीतली सगळ्यांत मोठी युक्ती ही वाटते. एकच खोकं असतं तर दिवसभर सरदारच बसला असता आणि कागदावर लिहिलं गेलं असतं, ‘बबूनांची बुद्धी अशी असते.’ दहा खोकी आणि प्रत्येकाच्या हातात ओळख, म्हणून तळातल्या मादीचीही बुद्धी मोजली जाते.

हे किती वेगळं आहे ते कळायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांसाठी जे परीक्षायंत्र रूढ केलं, ते लाकडी होतं. पिंजऱ्यात एकटं माकड, समोर सरकता तक्ता, तक्त्यात खळगे, खळग्यांवर झाकणासारख्या वस्तू आणि एका वस्तूखाली मनुका किंवा शेंगदाणा. पडद्याआड माणूस. तो पडदा वर करणार, माकड एक वस्तू सरकवणार, माणूस पडदा पाडणार, वहीत खूण करणार, पुन्हा तक्ता मांडणार. हार्लोंनी 1949 मध्ये याच पद्धतीने दाखवून दिलं की शेकडो कोडी सोडवत गेलेलं माकड नवं कोडं जवळजवळ एका चुकीत उलगडतं. ते ‘शिकायचं कसं’ हेच शिकतं. शोध मोठा होता. पण एका कोड्यामागे माणसाचे किती हेलपाटे! आणि माणूस समोर असला की वेगळीच भीती. जर्मनीतल्या ‘हुशार हान्स’ या घोड्याची गोष्ट सगळ्या प्राणीशास्त्रज्ञांना पाठ असते. तो खूर आपटून बेरजा सांगायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी सिद्ध केलं की घोडा गणित करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची नकळत होणारी हालचाल वाचत होता. संगणकाला मान नाही. इथे बबूनाला चाहूल घ्यायला कुणी समोर नाही.

हार्लोंच्या काळातल्या माकडांबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये तेव्हा बसलेली ऱ्हिसस माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात. वर्षानुवर्षं उत्तर भारतात पकडून हजारोंनी ती विमानात चढवली जात होती. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली, तेव्हा कुठे ते थांबलं.

संगणक माकडांपर्यंत पोचला तो त्यानंतर, 1980 च्या दशकात. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात ड्वेन रम्बॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या म्हणजे नासाच्या पाठबळावर, एबल आणि बेकर या दोन ऱ्हिसस माकडांना जॉयस्टिक दिली. तोवर जाणकारांचं मत असं होतं की वस्तू, हात आणि खाऊ ही तिन्ही एकाच जागी असल्याशिवाय माकडाला त्यांचा संबंध लागत नाही. हात इथे, हलणारा ठिपका तिथे, खाऊ तिसरीकडे, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं. एबल आणि बेकर यांनी जॉयस्टिक हलवून ठिपका लक्ष्यावर नेऊन दाखवला, आणि पुढे हलत्या लक्ष्याचा पाठलागही केला. जाणकारांचं मत बदललं. पण माकड अजून पिंजऱ्यात एकटंच होतं.

रूसेतल्या केबिनीतून बाहेर बघितलं तर कळप आपल्या उद्योगात आहे. एक मादी दुसरीच्या पाठीतलं काहीतरी निवडून खाते आहे. दोन पिल्लं ओंडक्यावर एकमेकांना ढकलतात. एक म्हातारा उन्हाकडे पाठ करून झोपला आहे. कुणीतरी मधूनच उठतं, वाटेला लागतं, दहा-पंधरा मिनिटं ‘ऑफिस’ करतं आणि परत पाठी निवडायला येतं. उपाशी म्हणून नव्हे. इथे कुणाचं खाणं तोडलेलं नाही. फळं, भाज्या आणि माकडांसाठी बनवलेला खुराक रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळ्यांना मिळतोच, खोक्यात पाऊल टाकलं नाही तरी मिळतो. मग हे गव्हाच्या कोरड्या दाण्यांसाठी का येतात? 2014 मध्ये इथल्याच संशोधकांनी तपासलं होतं: खोकी खुली असताना बबूनांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, कमी आढळलं आणि एकच हालचाल वेड्यासारखी करत राहण्याची बंदिवासातली सवयही कमी झाली. रिकामपण त्यांनाही खातं, एवढं यावरून म्हणता येईल. पुढचं म्हणताना मी हात आखडता घेतो.

कारण इथल्या निकालांवर जगाने हात फार मोकळा सोडलेला आहे. 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात इथला एक प्रयोग छापून आला आणि वर्तमानपत्रांत मथळे झळकले, ‘बबून वाचू लागले!’ तंत्रज्ञ तोच प्रयोग माझ्यासाठी एका सुट्या पडद्यावर लावते. मधोमध इंग्रजीतली चार अक्षरं. ती खरा शब्द असतील तर एका खुणेला हात लावायचा, अर्थहीन जुळणी असेल तर दुसरीला. मला इंग्रजी येतं, त्यामुळे मी भराभर बोटं टेकवतो आणि अकारण खूश होतो. सहा बबूनांनी हे दीड महिन्यात शिकून घेतलं. दान नावाचा बबून त्यात पहिला, तो 308 शब्द ओळखायला शिकला. अर्थहीन जुळण्यांची संख्या होती 7,832. सर्वांची अचूकता सुमारे पंच्याहत्तर टक्के.

आणि मुख्य म्हणजे, आधी कधी न बघितलेला खरा शब्द आला तरी तो ‘शब्दासारखा’ आहे हे त्यांना नव्या निरर्थक जुळणीपेक्षा अधिक वेळा जाणवत होतं. म्हणजे त्यांनी चित्रं पाठ केली नव्हती. कोणतं अक्षर कोणाशेजारी वारंवार येतं, याचा अंदाज त्यांच्या डोळ्यांनी बांधला होता. वाचन नव्हे हे. अर्थ नाही, उच्चार नाही, भाषा तर नाहीच. पण वाचनाच्या पायऱ्यांमधली एक पायरी, अक्षरांच्या क्रमाकडे लक्ष देण्याची, भाषेच्या आधीची आणि भाषेविना चढता येण्यासारखी आहे, हे यातून दिसतं. मला हे मथळ्यापेक्षा जास्त रोचक वाटतं. मथळा लिहिणाऱ्याला वाटलं नसावं.

मला स्वतःला याहून आवडलेला प्रयोग लाल चौकोनांचा. त्याची नोंद तंत्रज्ञ उघडते. पडद्यावर सोळा चौकोनांची जाळी, चार बाय चार. त्यातले चार लाल होतात, क्षणभर दिसतात आणि विझतात. बबूनाने आठवून त्याच चार जागांवर बोट ठेवायचं. इथवर नुसती स्मरणशक्ती. गंमत पुढे आहे. पहिल्या बबूनाने जी चार घरं दाखवली, चुकली असली तरी, तीच दुसऱ्याला प्रश्न म्हणून जातात. दुसऱ्याची उत्तरं तिसऱ्याला. अशा बारा पिढ्या. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलापर्यंत वाक्याचा चोथा होतो. इथे उलट झालं. सुरुवातीला जाळीभर विखुरलेले चौकोन पिढीगणिक एकमेकांना चिकटत गेले. शेवटी टेट्रिस खेळातल्या तुकड्यांसारख्या आकृत्या उरल्या, सरळ पट्टी, ठोकळा, काटकोन, आणि त्या लक्षात ठेवायला सोप्या असल्यामुळे चुकाही कमी झाल्या. कुणीही ठरवलं नव्हतं. कुणी कुणाला शिकवलंही नव्हतं. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाताजाता तिला आकार आला. हा निकाल 2014 मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

या प्रयोगासाठी लागतं काय, याचा विचार करतो. एकाच कळपातली, आपापल्या मर्जीने दिवसात कितीदा तरी खोक्यात येणारी माकडं, प्रत्येकाची ओळख, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यापर्यंत लगेच पोचवणारं जाळं. पिंजऱ्यातून एकेकाला उचलून आणून हे कधीच जमलं नसतं. दिवसभरात कोण कोणाशेजारच्या खोक्यात बसतं, याची नोंदही आपोआप होते, आणि त्यावरून कळपातल्या मैत्रीचा नकाशा काढता येतो हेही इथल्या मंडळींनी दाखवलं आहे. परीक्षेच्या हजेरीपटावरून कोण कोणाचा दोस्त ते शोधणं. वर्गशिक्षकांना हे नवीन नाही.

सगळं गोड आहे असं मात्र मी लिहिणार नाही. तारेचं कुंपण तारेचंच आहे. खोक्याचं मागचं दार उघडं असलं तरी आवाराचं दार बंद आहे, आणि चिप टोचून घ्यायची की नाही हे कुणी बबूनाला विचारलेलं नाही. याच केंद्रात इतर प्रयोगशाळांसाठीही माकडं वाढवली जातात आणि त्यावरून फ्रान्समध्ये विरोधाचे सूर उठत असतात. तंत्रज्ञ ते लपवत नाही. मी विचारल्यावर ती एवढंच म्हणते, “या केबिनीबद्दल मी बोलू शकते.” उत्तर प्रामाणिक आहे. अपुरंही आहे.

पाच वाजत आलेत. बाहेर गाडीचा आवाज होतो आणि कळपात एकदम चैतन्य येतं. नर भुंकल्यासारखा आवाज काढतात, पिल्लं आयांच्या पोटाला चिकटतात. दहाच्या दहा खोकी रिकामी. मॉनिटरवर ओळी थांबतात. खाण्याच्या घाईत सगळा कळप तिकडे गोळा झाला आहे. मी घड्याळ लावून बघतो. पहिला हात भोकात परत येतो तेव्हा गाजरं अजून संपलेलीही नसतात. आप्पा नाहीत, ती कोवळी मादी आहे. गर्दी तिकडे आहे, इथे आत्ता तिला हटवायला कुणी नाही, हे तिने ओळखलं आहे. पडदा उजळतो, ती बोट टेकवते.

हे पाहायला फ्रान्सपर्यंत यायला हवं असंही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने आपल्या टोपी माकडांसाठी, महाबळेश्वरच्या पॉइंटवर आपल्या हातातली कणसं पळवणाऱ्या त्याच जातीसाठी, असाच टचस्क्रीनचा कोपरा तयार केला आहे. माकडं तिथे कळपाने राहतात, स्वतः येऊन बसतात, दोन चित्रं सारखी की वेगळी ते सांगतात आणि फळांच्या रसाचा घोट मिळवतात. डोके न बांधता त्यांची नजरही मोजली जाते. 2021 मध्ये त्यांनी ते ‘ईलाइफ’ मध्ये मांडलं. त्यातली मला लक्षात राहिलेली गोष्ट: एक नवखं माकड, शिकलेल्या दोघांबरोबर राहून, त्यांचं बघत बघत हे अवघड काम शिकलं.

आणि प्राणिसंग्रहालयांनीही हे केलेलं आहे. क्योटोच्या महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसमोर प्रायमेट टचस्क्रीनवर अभ्यास करतात आणि शाळेची मुलं काचेला नाक लावून बघतात. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रज, दोन्ही महापालिकेचीच आहेत. टचस्क्रीन आज घराघरात आहे, चिप कुत्र्यांना सर्रास टोचली जाते, दाणे टाकणारं यंत्र आपल्याकडचा कुठलाही बरा कारागीर बनवून देईल. माकडांच्या पिंजऱ्याला असं एक खोकं लावा, मागून उघडं ठेवा, आणि बाहेर एक मॉनिटर टांगा. महापालिकेतल्या ज्या कुणाच्या टेबलावर हा अंक पडेल, त्यांनी हे मनावर घ्यावं.